हमीदभाईंचे चाळीस दिवस

हमीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मूल गावच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, नाझनीनचा होता. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता चंद्रपुरात नोकरी करते. एवढंच म्हणाली, "सर, अब्बा गेले. दुकान उघडता उघडता..." मी हातातली वांगी परत ढिगावर ठेवली. भाजीवाली म्हणाली, "भाऊ, घेता का नाई घेत?" आणि मी चालू लागलो. त्या क्षणी माझ्या मनात आलेला पहिला विचार भाईंचा नव्हता, हे आधीच कबूल करून टाकतो. गेलेल्या माणसावर लिहायला बसलेला माणूस पहिल्याच परिच्छेदात स्वतःची लाज काढत नाही, पण ही लाज वगळली तर लिहिण्यासारखं माझ्याजवळ फारसं उरत नाही. मला वाटलं, आता मी कोणाला विचारू? सहा वर्षं एक प्रश्न मी जिभेवर घेऊन हिंडत होतो. त्याचं उत्तर ठाऊक असलेला एकच माणूस होता, आणि तो शटरच्या कुलपाला किल्ली लावता लावता खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

हमीदभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान राइस मिलच्या रस्त्यावर होतं. झेरॉक्सच्या दुकानाला लागून दहा बाय आठची खोली, सुगीत तिच्यात भाताचा कोंडा उडून यायचा आणि भाई दिवसभर ब्रशनं मशिनी झटकत बसायचे. त्यांचे वडील कल्हईवाले. भाता आणि नवसागर घेऊन गावोगाव फिरायचे. घराघरांत स्टील आलं तसा तो धंदा बसला. मुलानं रेडिओ उघडायला शिकून घेतलं, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. वडिलांनी शेवटची कल्हई केलेला तांब्याचा एक गंज तेवढा दुकानात वरच्या फळीवर होता. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. बाहेरून काळपट, आतून चांदीसारखा लखलखीत, वर घट्ट झाकण. नवख्या माणसाला वाटायचं, भाई यात जेवण आणत असतील. त्यात हार्ड डिस्का असायच्या.

तो त्यांचा नेम होता. कोणी जुना कॉम्प्युटर विकायला आणला, मोडीत काढायला आणला, की भाई आधी त्याची डिस्क काढायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर नाव आणि तारीख लिहायचे आणि गंजात ठेवायचे. चाळीस दिवस. त्याआधी ती पुसायची नाही, विकायची नाही, उघडून पाहायची तर नाहीच. गिऱ्हाईक घाई करायचं, की बुवा आत्ताच साफ करून मोकळा हो. भाई हलायचे नाहीत. म्हणायचे, "आमच्या घरी माणूस गेला का चाळीस दिवस त्याच्या सामानाले हात लावत नाई. मंग डिस्कले काऊन लावू?" एकेचाळिसाव्या दिवशी मालकाला बोलावणं जायचं. त्याला समोरच्या स्टुलावर बसवून ते डिस्क पुसायला लावायचे, सलग तीन वेळा. एकदा पुसल्यानं भागत नाही का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भागते ना. पयली बार मालकासाठी, दुसरी बार मशीनसाठी, तिसरी बार माह्या झोपेसाठी." आणि शेवटी परीक्षा. पुसलेली डिस्क पडद्यावर उघडायची आणि मालकाला म्हणायचं, कोणता बी आकडा सांगा. तो सांगेल त्या जागी जाऊन भाई दाखवायचे. पडदाभर शून्यं, ओळीच्या ओळी. मालक पाहायचा, मान हलवायचा, तेव्हा कुठं काम संपायचं.

आमची ओळख याच पुसण्यावरून झाली. शाळेतले बारा जुने कॉम्प्युटर हेडमास्तरांनी भंगारात काढले होते. ठेला दारात उभा होता आणि भाई काही कामानं प्रिंटर घेऊन आले होते. ते ठेल्यासमोर आडवे झाले. "यात पोरींचे फोटो हाय, पत्ते हाय, घरचे नंबर हाय. भंगारवाल्याले पोरींचे पत्ते देता का, सर?" हेडमास्तर हसले. म्हणाले, भाई, आम्ही इतके अडाणी नाही, सगळं डिलीट केलंय. भाईंनी ठेल्यावरची एक मशीन उतरवली, प्रयोगशाळेत नेऊन जोडली, आणि चहा येईपर्यंत दहावीच्या मुलींची यादी फोन नंबरांसकट पडद्यावर आणली. तिसरं नाव हेडमास्तरांच्या मुलीचं होतं. भाई तेव्हाही ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "डिलीट करणं म्हंजे दारावरची पाटी काढणं. माणूस तं आत बसूनच राह्यला ना." डिस्कांचे चाळीस दिवस भरल्यावर चार दिवस ते आमच्या प्रयोगशाळेत बसून होते, बाराच्या बारा डिस्का पुसत. मी भूगोल शिकवणारा, त्या खोलीशी माझा काही संबंध नव्हता, पण त्यांच्यासाठी डबा नेऊ लागलो. दुसऱ्याच्या पोरींसाठी कोणी सांगितलं नसताना चार दिवस घालवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

चाळीस दिवसांचा नेम कशासाठी, ते एकदा डोळ्यांनी पाहिलं. घुग्घुसच्या खाणीत शिफ्टवर असलेला एक माणूस मोटरसायकलवरून आला, कोळशाची पूड अजून पापण्यांवर होती. भावाशी भांडण झाल्यावर रागाच्या भरात त्यानं दोघांच्या सामायिक कॉम्प्युटरची वासलात लावली होती. आता भाऊ अपघातात गेला होता आणि त्याचा एकही फोटो घरात नव्हता. तो दुकानाच्या पायरीवरच बसला, आत यायची त्याची हिंमत होईना. भाईंनी फळीवरून गंज उतरवला, पुडक्यावरची तारीख पाहिली. एकोणचाळिसावा दिवस होता. तो माणूस लहान मुलासारखा रडला. त्यानं विचारलं, "भाई, दोन दिवस उशीर झाला असता तं?" भाई म्हणाले, "तं मी बी तुमच्यासंगं इथीच बसून रडलो असतो. दुसरं काय करता आलं असतं?"

आता कुंदाबद्दल लिहावं लागेल. ते टाळत टाळतच इथवर आलो.

कुंदा माझी बायको. ती एटापल्ली तालुक्यात नर्स होती, लोक तिला सिस्टरबाई म्हणत. पंचवीस वर्षं आमचा संसार एसटीच्या वेळापत्रकावर चालला. ती तिकडे जंगलात, मी इकडे मूलला, आणि दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं ती यायची. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंच एकमेकांचे पाहुणे. तिकडच्या बायकांची भाषा ती इतकी छान बोलायची की घरी आल्यावर पहिला तासभर मला अर्धंच कळायचं. पाड्यांवरच्या बायका तिला बाळंतपणाच्या, गेलेल्या लेकरांच्या, अंगावरच्या दुखण्यांच्या गोष्टी सांगायच्या. नवऱ्याला नाही, आईला नाही, फक्त हिला. नंतर येणाऱ्या नर्सला बायकांचं दुखणं बायकांच्याच शब्दांत कळावं म्हणून ती ते बोलणं एका छोट्या यंत्रावर घेऊ लागली आणि लॅपटॉपमध्ये भरून ठेवू लागली. प्रत्येकीला तिनं शब्द दिला होता की तू म्हणशील तेवढंच बाहेर जाईल, आणि मी नसले तर सगळं पुसलं जाईल. त्या भागात कोणाचं बोलणं पोलिसांच्या हाती लागेल की जंगलातल्या बंदूकवाल्यांच्या, याचं भय इकडं बसून कळायचं नाही. मला कळत नव्हतं. मी तिला चिडवायचो, की तुझ्या लॅपटॉपमध्ये माझ्यापेक्षा जास्त संसार आहे.

मेंदूत मलेरिया चढला आणि चार दिवसांत सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी थोडी शुद्ध होती तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "अहो, बायांचं सगळं पुसून टाकजा. हमीदभाईकडून पुसजा. साधं डिलीट नोका करू." मी म्हटलं, तू बरी हो आणि तूच कर. ती म्हणाली, "हो म्हणा ना एकदा." मी हो म्हटलं. तिच्याशी झालेलं ते शेवटचं धड बोलणं. माणसं शेवटच्या क्षणी प्रेमाचं काहीतरी बोलतात असं ऐकून होतो... आमचं हे असं झालं.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी लॅपटॉप भाईंकडे नेऊन दिला. ते माझ्याआधी रडले. मग डिस्क काढली, पुडकं बांधलं, गंजात ठेवलं. "चाळीस दिवस, सर," एवढंच म्हणाले आणि मी मान हलवली.

तेरवीला एटापल्लीपलीकडून दोन बाया आल्या. एक म्हातारी, एक तरणी, दोन गाड्या बदलून आलेल्या. जेवायला बसवलं तर बसेनात. म्हातारी तोडक्या मराठीत म्हणाली, "सिस्टर गेली. आमचं बोलणं कुठी हाय?" मी सांगितलं, सुरक्षित आहे, काळजी करू नका. "कोणाजवळ?" मी म्हटलं, दुकानात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की आजही ते डोळे समोर येतात. "दुकानात? दुकानात तं इकते ना?" तिचं काय चुकलं? दुकानात वस्तू विकायलाच ठेवतात. माझ्या डोक्यात काय झालं ते मला सांगता येत नाही. तेरा दिवस मी कोणावर तरी चिडायला टेकलो होतो. यमावर चिडता येत नाही, डासावर चिडता येत नाही. पाहुणे जेवत असताना मी त्या दोघींना घेऊन उघड्या डोक्यानं भाईंच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, आत्ता पुसा.

भाई म्हणाले, "पुसतो, सर. पण आज नाई. तीस दिवस राह्यले." मी म्हटलं, आजच. त्यांनी आवाज खाली आणला. "सर, यात घरचं बी असंल. मॅडमचं काही असंल. तेवढं तं वेगळं काढू द्या. आज तुमी तेरवीच्या दिवशी उठून आले. महिन्यानं वेगळं वाटंल." मी विचारलं, वेगळं कसं काढणार? ते म्हणाले, "उघडून पाहा लागंल. ऐकल्याबिगर कसं कळंल, कोणाचं काय हाय? तुमी बसून ऐका. तुमाले होत नसंल तं मी ऐकतो."

आणि मी बोललो. बायांसमोर, झेरॉक्सवाल्यासमोर, रस्त्यावरच्या दोन-तीन माणसांसमोर बोललो. म्हणालो, "म्हणजे ऐकायचंच आहे तुम्हाला. लोकांच्या डिस्का चाळीस चाळीस दिवस कशाला दाबून ठेवता, ते आज कळलं. घरबसल्या ऐकायला मिळतं, पाहायला मिळतं."

भाईंनी गंज उतरवला, पुडकं सोडलं, डिस्क जोडली. बाकावरचं सामान हलवून बायांना जागा केली आणि मला स्टुलाकडे हात केला. अकराला सुरू झालेलं ते काम दिवस मावळेपर्यंत चाललं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि तळहाताएवढी ती डिस्क बारीक घरघरत होती. भाईंनी चहा मागवला, बायांना दिला, मला दिला, स्वतः घेतला नाही. दुपारची नमाज पढून आले आणि पुन्हा माझ्याकडे पाठ करून बसले. दुसरी फेरी चालू असताना म्हातारीनं विचारलं, "सिस्टरचा आवाज बी गेला का?"

सकाळपासून पहिल्यांदा भाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या उत्तराची वाट पाहत राहिले. मी म्हटलं, हो, गेला. गाडी गेली का म्हणून कोणी विचारावं आणि सांगावं, तसं सांगितलं. कुंदा प्रत्येक बाईशी बोलायची म्हणजे प्रत्येक ठिकाणी तिचाही आवाज असणार, हे त्या म्हाताऱ्या बाईला कळलं आणि मला कळलं नव्हतं. मी शिकवणारा माणूस, पोरांना नकाशात नद्यांचे उगम विचारणारा. तरणीनं पदर तोंडाला लावला. पहिल्या फेरीतच सगळं गेलेलं होतं. पुढचे तास आम्ही नुसतं शून्यावर शून्य चढताना पाहत बसलो होतो.

शेवटी भाईंनी म्हातारीला आकडा विचारला. ती म्हणाली, सात. सातला शून्यं होती. तिनं दोन्ही हात जोडले, भाईंना आणि पडद्याला, आणि त्या दोघी गाडीसाठी निघाल्या. त्यांचं समाधान झालं होतं, कुंदाचा शब्द पाळला गेला होता. मी भाईंची माफी न मागता घरी आलो. उद्या मागू म्हटलं.

महिन्याभरानं कुंदाची पेटी रिकामी केली तेव्हा तिची एक वही मिळाली. त्यात तिच्या अक्षरात यादी होती. अनुक्रम, पाड्याचं नाव, किती मिनिटं. बायकांची नावं कुठंच नाहीत. पानांमागून पानं तशीच, आणि शेवटच्या ओळीत वेगळंच. "घर. यांच्यासाठी. ११ मिनिटं."

यांच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी. ती माझं नाव कधी घ्यायची नाही, वहीतही घेतलं नाही. अकरा मिनिटं ती माझ्याशी काय बोलली असेल? कदाचित काही मोठं नसेल. लाइट बिल भरा, गोळ्या वेळेवर घ्या, माझ्यामागं असं करा, तसं करा. कदाचित एखाद्या शनिवारी गाडी चुकली असेल आणि क्वार्टरमध्ये एकटी बसून बोलली असेल. फोनवर ती रोज बोलायची, पण कोणी घरच्या माणसाचं बोलणं साठवून ठेवतं का? तिचे फोटो माझ्याजवळ आहेत, साड्या आहेत, चष्मा आहे. आवाज नाही. ती वही हातात घेऊन मी पायांत चपला नसताना राइस मिलच्या रस्त्यानं धावलो. भाई एक मशीन उघडून बसले होते. माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "या सर. चहा सांगू?" मी स्टुलावर बसलो. वही मांडीवर मिटलेलीच राहिली. मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

का विचारलं नाही? सहा वर्षं मी स्वतःला याची वेगवेगळी कारणं दिली. एक तर ज्या माणसावर मी चोरून ऐकल्याचा आळ घेतला, त्यालाच कोणत्या तोंडानं विचारणार, की बाबा, तुम्ही चोरून एखादी प्रत ठेवली आहे का? पण खरं कारण निराळं होतं. ती डिस्क पुसण्याआधी दहा दिवस गंजात होती. दहा दिवस! भाईंनी कुंदाच्या आठवणीनं, माझी दया येऊन, काहीही म्हणून, तिच्यातलं थोडंसं कुठं उतरवून ठेवलं असेल तर? मी विचारलं नाही तोवर ते असू शकत होतं. विचारल्यावर भाई "नाई, सर" म्हणाले असते तर कुंदा दुसऱ्यांदा गेली असती. म्हणून मी रोज दुकानात जाऊन बसायचो. त्या स्टुलावर, गंजासमोर. भाई मशिनी उघडायचे, मी पेपर वाचून दाखवायचो, आम्ही नगरपालिकेपासून कापसापर्यंत सगळ्यावर बोलायचो. मी घेतलेल्या आळाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. एकदा हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून ते म्हणाले, "सर, एक गोष्ट होती..." आणि मी इतका घाबरलो की मध्येच म्हणालो, भाई, पाऊस येईलसं वाटते. वैशाखातली दुपार होती, आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. भाईंनी बाहेर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हो, येऊ शकते."

त्यांच्या जाण्यानंतर तीन आठवडे झाले आणि नाझनीनचा पुन्हा फोन आला. खोली मालकाला परत द्यायची होती, तो चाळीस दिवस थांबायला तयार नव्हता. "गंजात चौदा पुडके हायेत, सर. मी सगळ्यायले बोलावून अब्बासारखं तीन तीनदा पुसून देणार हाय. तुमी येता का? तुमाले सगळे ओळखतात." मी गेलो. दुकानात भाईंची खुर्ची तशीच, पाठीवर टॉवेल तसाच. नाझनीननं गंज टेबलावर ठेवला आणि एक एक पुडकं काढू लागली. मी नावं आणि तारखा लिहून घेत होतो. तेरा झाली. चौदावं तळाशी होतं, कागद पिवळा पडलेला. त्यावर तारीख नव्हती. फक्त "सर" लिहिलं होतं.

सहा वर्षं मी ज्या फळीकडे रोज पाहत होतो, तिथं ते होतं. मी नाझनीनला म्हटलं, जोड. तिनं कागद बाजूला टाकला, डिस्क जोडली. ती घरघरली. तीच घरघर, मी ओळखली. आणि पडद्यावर शून्यं आली.

मी म्हटलं, पुढं जा. शून्यं. मी आकडा सांगितला, आमच्या लग्नाची तारीख. शून्यं. कुंदाच्या जन्माचं साल. शून्यं. तिच्या क्वार्टरचा नंबर, तिच्या एसटीची वेळ, अकरा, अकराशे, अकरा लाख... मी आकडे सांगत सुटलो आणि ती पोरगी मान खाली घालून एक एक आकडा टाकत राहिली. एकदाही म्हणाली नाही की सर, पुरे. शाळेत हीच मुलगी एका धड्यावर शंभर प्रश्न विचारून मला वीट आणायची आणि मी तिला खाली बसवायचो. शेवटी माझे आकडे संपले. दुनियेत इतके आकडे आहेत आणि माझ्या संसाराचे एवढेच होते. मी टेबलावर डोकं ठेवलं.

नाझनीन डिस्क परत गुंडाळायला लागली आणि थांबली. कागदाच्या आतल्या बाजूला, बातम्यांच्या वरच्या कोऱ्या पट्टीत भाईंचं अक्षर होतं. तिनं वाचून दाखवलं. "सिस्टरबाईची. पुसली. विकायची नाई. एक बी फाईल उघडली नाई. सर विचारतील तं सांगायचं."

मग म्हणाली, "अब्बा वाट पाहून राह्यले होते, सर. त्या दिवशी घरी येऊन जेवले नाई. अम्मीले म्हणे, सरचं दुःख बोललं, सर नाई बोलले. एक दिवस विचारतील, तवा मी सांगीन का मी काईच ऐकलं नाई. तुमी आले का अब्बा आधी गंजाकडं पाहायचे."

म्हणजे आम्ही दोघंही त्या गंजाकडे पाहत होतो. मी, त्यांनी ऐकलं असेल या आशेवर. ते, आपण ऐकलं नाही हे सांगायला मिळेल या आशेवर. ज्या कृत्याचा आळ मी भर रस्त्यात त्यांच्यावर घेतला, ते त्यांनी केलं असतं, एकदा, अकरा मिनिटांपुरतं का होईना केलं असतं, तर कुंदाचा आवाज आज माझ्याजवळ असता. त्यांनी केलं नाही. ते तसले नव्हतेच, आणि ते तसले नव्हते म्हणून माझ्याजवळ काही नाही. ही गोष्ट मी गेले कित्येक दिवस उलटसुलट करून पाहतोय. तिच्यात शिरायला कुठून जागा सापडत नाही. भाईंना पूर्ण निर्दोष मानलं की कुंदा पूर्ण जाते. थोडीशी कुंदा मागितली की भाईंवर पुन्हा आळ येतो. मला आता झोप लागत नाही. हे लिहून काही हलकं वाटेल असं लोक म्हणाले होते, तेही वाटत नाही.

बाकीच्या तेरा डिस्का नाझनीननं पुसल्या. सगळे मालक आले, स्टुलावर बसले, त्यांनी आकडे सांगितले. खोली रिकामी झाली. गंज तिनं मला दिला. मी नको म्हणालो, वडिलांची आठवण आहे, तुझ्या घरी असू दे. ती म्हणाली, "तुमची डिस्क त्यात हाय ना. अब्बानं ठेवली तशीच राहू द्या."

परवा भाईंना चाळीस दिवस होतील. गंज माझ्या टेबलावर आहे, याच कागदांच्या बाजूला. त्याची कल्हई अजून झळकते, डिस्क तळाशी आहे, त्याच पिवळ्या कागदात. रोज सकाळी मी झाकण काढतो आणि सहा वर्षांत जे त्यांच्या तोंडावर म्हणता आलं नाही, ते आत वाकून म्हणतो. "भाई, उघडली असती तं चाललं असतं." भांडं मोठं आहे, माझाच आवाज थोडा घुमून परत येतो. तो पूर्ण थांबेपर्यंत उभा राहतो, आणि मग झाकण ठेवतो.